लिहायला बसवलं की रडतो, पण गोष्ट सांगायला लागला की थांबत नाही

अंगणातली_जाई | ८ जुलै, रात्री १०:५०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसती वाचते आहे, आज पहिल्यांदाच धागा काढते आहे.

माझा मुलगा चार वर्षं आठ महिन्यांचा आहे, मोठ्या शिशुत. आम्ही नाशिकला असतो. शाळा मराठी माध्यमाची, घराजवळची, आम्ही दोघांनी ठरवून निवडलेली. जूनपासून रोज घरचा अभ्यास येतो. दुरेघी वहीत एका अक्षराचं एक पान आणि चौकटीच्या वहीत एका अंकाचं एक पान. 'अ' तर तीन दिवस चालला. पहिल्या दोन ओळी तो बऱ्या काढतो, तिसऱ्या ओळीपासून अक्षर फुगत रेघेबाहेर जायला लागतं आणि पाचव्या ओळीला पेन्सिल टाकून रडू सुरू. "आई, हात दुखतो." मला वाटायचं, टाळतोय. काल त्याचा हात हातात घेऊन पाहिला तर अंगठ्याखालचा भाग खरंच कडक लागत होता. पेन्सिल इतकी दाबून धरतो की मागच्या दोन पानांवर 'अ'चा ठसा उठलेला.

आणि हाच मुलगा संध्याकाळी गच्चीत मला सांगत होता, "मांजर आलं होतं, पण दूध नव्हतं म्हणून ते गेलं. उद्या ते नक्की येणार, कारण त्याला माहिती आहे दूधवाला सकाळी येतो." मी ऐकतच राहिले. एवढं सगळं डोक्यात जुळवणारं पोर 'अ'पाशी अडतं कसं?

शाळेत विचारलं तर उत्तर मिळालं, सराव वाढवा, नाहीतर पहिलीत मागे पडेल. घरात रोज नणंदेच्या मुलीशी तुलना होते, ती त्याच्याच वयाची आणि पूर्ण नाव लिहिते. मी 'तर्कशक्ती वाढवा' अशी दोन पुस्तकं पण आणली. 'वेगळं चित्र ओळखा' वगैरे तो दोन मिनिटांत संपवतो.

सराव वाढवू की बंद करू? आणि त्या पुस्तकांचा काही उपयोग होतो का? अनुभव असेल त्यांनी मोकळेपणाने सांगा.

रानपाखरू | ८ जुलै, रात्री ११:१५

ताई, आमच्याकडे अगदी हेच. वाचते आहे.

हातवळण | ९ जुलै, सकाळी ७:३०

मी लहान मुलांसाठी ऑक्युपेशनल थेरपिस्ट म्हणून काम करते, म्हणजे रोजची कामं हातांना जमावीत म्हणून मुलांना मदत करते, म्हणून आधी हाताबद्दल सांगते.

मनगटात आठ छोटी हाडं असतात. जन्मतः ती सगळी कूर्चेची, म्हणजे मऊ असतात. वर्षागणिक एकेक टणक होत जातं आणि शेवटचं व्हायला मूल दहा-बारा वर्षांचं व्हावं लागतं. पावणेपाच वर्षांचा हात अजून तयार होतो आहे. तो टाळत नाही. त्याला खरंच दुखतंय.

मुलं आकार काढायला साधारण एका क्रमाने शिकतात. तिसऱ्या वर्षाच्या आसपास गोल जमतो, चौथ्याला अधिकचं चिन्ह, साडेचारला चौकोन, पाचव्याला त्रिकोण. शंकरपाळ्याचा आकार तर सहा-सात वर्षांपर्यंत नीट येत नाही. यात चार-सहा महिने इकडेतिकडे होणारच. आता 'अ' डोळ्यांसमोर आणा. दोन अर्धगोल एकाखाली एक, मधून आडवी रेघ, मग उभी दांडी, वर शिरोरेषा. ज्याला तिरकी रेघ अजून नीट जमत नाही त्याला आपण पहिल्याच दिवशी देवनागरीतलं अवघड अक्षर देतो आणि तेही पानभर.

घरी काय करता येईल ते सांगते. वही दिवसाला पाच मिनिटं, ओळी दोनच. शाळेला तसं स्पष्ट कळवा. पेन्सिल अर्धी तोडून द्या. आखूड पेन्सिल मुठीत धरता येत नाही, बोटांतच धरावी लागते. पाटी भिंतीला उभी टेकवून त्यावर खडूने मोठं काढू द्या. उभ्या पाटीवर काम केलं की मनगट आपोआप योग्य कोनात येतं आणि खांद्यालाही काम मिळतं. कणीक मळताना गोळा द्या, शेंगा सोलायला द्या, दोरीवरच्या कपड्यांना चिमटे लावायला द्या. आणि रांगोळी! अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीतून रांगोळी सोडणं म्हणजे पेन्सिल धरायचा सराव, तोही अजिबात न दाबता. रोज सकाळी उंबऱ्याजवळ चार ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा, एवढं पुरे.

दोन-तीन महिन्यांत दुखणं कमी झालं नाही, किंवा बटण लावणं, चमचा धरणं यातही अडचण दिसली, तर मात्र जवळच्या तज्ज्ञाला दाखवा.

पाटी_दप्तर | ९ जुलै, दुपारी ३:१०

जाई, तुला अगं-तुगं करते, चालेल ना? माझी लेक तुझ्याच वयाची असेल. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत चौतीस वर्षं शिकवलं, त्यातली जवळजवळ सगळी पहिली-दुसरीवर. सातारा जिल्ह्यात. तुझा धागा वाचून दुपारची झोप गेली, म्हणून लांबलचक लिहिते.

हातवळण ताईंनी हाताचं सांगितलं ते लाख मोलाचं आहे. मी डोक्याकडून सांगते.

तू लिहिलंस, एवढं जुळवणारं पोर 'अ'पाशी अडतं कसं. अगं, त्याने गच्चीत जे सांगितलं ना, ते लिहिणंच आहे! फक्त कागदावर उतरलेलं नाही. 'पण', 'म्हणून', 'कारण', 'नक्की येणार' हे चार शब्द त्याने जागच्या जागी वापरले. आधी काय झालं, त्यामुळे काय झालं, पुढे काय होईल आणि ते मला कशावरून कळतं. तर्क म्हणतात तो याहून वेगळा नसतो. मला चौथीतली अशी मुलं भेटलीत ज्यांचं अक्षर मोत्यासारखं, पण निबंधात 'म्हणून' एकदाही यायचं नाही. 'गाय पाळीव प्राणी आहे. गाईला चार पाय असतात. गाय दूध देते.' प्रत्येक वाक्य वेगळं, एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. ती मुलं हुशार नव्हती असं मुळीच नाही. त्यांना पहिलीपासून नुसतं उतरवून काढायला लावलं होतं, आणि त्या शिकवणाऱ्यांत सुरुवातीची काही वर्षं मीही होते.

मी बदलले ते एका लिंबाच्या सरबतामुळे. उन्हाळ्याचे दिवस, शनिवारची सकाळची शाळा. मी पाणी, लिंबं, साखर, मीठ, सुरी, चमचा, पातेलं सगळं टेबलावर मांडलं आणि मुलांना म्हटलं, "मला सरबत करता येत नाही. तुम्ही सांगाल तसं आणि तेवढंच मी करणार." एक जण म्हणाला, "लिंबू टाका." मी अख्खं लिंबू पातेल्यात टाकलं. वर्ग ओरडला, "कापून!" मी लिंबू कापलं आणि दोन्ही फोडी टाकल्या. "पिळून, बाई, पिळून!" पिळलं. पण पातेल्यात पाणीच नव्हतं, कारण कोणी सांगितलंच नव्हतं. मागच्या बाकावरची एक मुलगी, जी कधी तोंड उघडायची नाही, ती उभी राहिली आणि म्हणाली, "आधी पाणी. मग लिंबू कापायचं. मग पिळायचं. बिया काढायच्या. मग साखर, नाहीतर आंबट लागंल." ते 'नाहीतर' मला आजही ऐकू येतं.

सोमवारी मी तिचीच वाक्यं तिच्याच शब्दांत फळ्यावर लिहिली. 'लागंल' असंच लिहिलं, 'लागेल' केलं नाही. वर्गातल्या निम्म्या मुलांना अजून सगळी अक्षरं येत नव्हती, पण 'पिळायचं' कुठे लिहिलंय ते सगळ्यांनी बोट ठेवून दाखवलं, कारण ते तिसरं होतं हे त्यांना ठाऊक होतं. पुसून मी दुसरी आणि चौथी ओळ अदलाबदल करून लिहिली. दंगा झाला! "बाई, न कापता कसं पिळणार?"

तेव्हापासून माझा एक नेम झाला. लिहायला लावण्याआधी सांगायला लावायचं आणि मूल सांगेल ते त्याच्यासमोर बसून आपण लिहून घ्यायचं. तू आज रात्रीपासून हे कर. एक कोरी वही घे, रेघा नसलेली. तो मांजराचं सांगेल ते त्याच्या शब्दांत, मोठ्या अक्षरात, तीन-चार ओळींत लिही. लिहिताना शब्द तोंडाने म्हणत जा. मग बोट फिरवत वाचून दाखव. खाली त्याला चित्र काढू दे. तो बदल सुचवेल, "तसं नाही आई, मांजर आधी आलं." तर खोडून बदल. लिहिलेलं बदलता येतं हे त्याला कळू दे. दहा-पंधरा दिवसांत तो स्वतः विचारेल, यात मांजर कुठे लिहिलंय? मग समज की अक्षर शिकायला तो आला.

अक्षरं शिकवायची तर वर्णमालेच्या क्रमाने नको. आमच्या वेळी ग म भ न असा क्रम होता आणि त्यात हाताचा विचार होता. 'ग' आणि 'न' सोपे, 'म' त्यांच्याच घरातला, मग 'भ'. व ब क एका वळणाचे. र स ख एका वळणाचे. ट ठ ढ द एका घरातले. फलटणला शिक्षणतज्ज्ञ मॅक्सीन बर्नसन यांनी बालभवन या शाळेत जे काम उभं केलं त्यातही अक्षरं गटागटाने आणि त्या गटातून लगेच अर्थाचे शब्द, हे आम्हाला पाहायला मिळालं. तीन अक्षरं आली की त्यांचा शब्द झाला पाहिजे. 'मगन', 'गगन' नाही, मुलाला माहीत असलेला शब्द. तुझ्या लेकाला सगळ्यात आधी स्वतःच्या नावाची अक्षरं हवी असतील, मग 'आई' आणि मला वाटतं 'मांजर'. अवघड आहे, पण त्याला हवं असेल तर देऊन बघ.

पुस्तकांबद्दल. 'वेगळं ओळखा' दोन मिनिटांत संपवतो कारण तिथे विचार करायला लागतच नाही, गोल करायचा असतो. तेच चित्र घेऊन "का?" विचार. आंबा, केळं, सफरचंद, गाजर. पुस्तकातलं उत्तर गाजर. एका मुलाने मला केळं सांगितलं होतं, "कारण ते न धुता खाता येतं." बरोबर! दुसऱ्याने आंबा सांगितला, "कारण तो आत्ता मिळत नाही." तेही बरोबर. कारण देता आलं की उत्तर बरोबर धरायचं.

रानपाखरू | ९ जुलै, संध्याकाळी ६:०५

बाई, सरबताचं वाचून अंगावर काटा आला. उद्या आमच्याकडे पोहे होणार आहेत, लेकीच्या सूचनांनी.

दोन_अधिक_दोन | ९ जुलै, रात्री ९:४०

तर्काच्या बाजूने माझी थोडी भर. माझी मुलगी पाच वर्षांची. स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी मुलांबरोबर केलेले काही साधे प्रयोग घरी करून पाहिले. शिकवण्यासाठी नाही, तिला कसं दिसतं ते समजून घेण्यासाठी.

सहा-सहा चिंचोक्यांच्या दोन समोरासमोर ओळी मांडल्या. "सारखे आहेत का?" "हो." मग तिच्यासमोरच एक ओळ लांब पसरली. "आता?" "ही जास्त." मोजायला सांगितलं. दोन्ही सहा. "मग?" "दोन्ही सहा आहेत, पण ही जास्त." मी काहीच बोललो नाही, हे मला फार जड गेलं. तसंच ताकाचं. फुलपात्रातलं ताक उभ्या पेल्यात ओतलं की तिच्या मते ते वाढतं.

तीन महिन्यांनी एका दुपारी ती स्वतःच चिंचोके घेऊन बसली होती. पसरायची, जवळ आणायची, पुन्हा पसरायची. मग हाक मारली, "बाबा, तू यात एक पण नवा घातला नाहीस, म्हणून सारखेच आहेत." तिच्या त्या वाक्यातलं 'म्हणून' तिचं स्वतःचं होतं. मी तेव्हाच सांगून टाकलं असतं तर ते माझं राहिलं असतं.

शेवंती_आजी | १० जुलै, सकाळी ८:२०

मी रोज नातवाला देवाची परडी देते निवडायला. काल सात झेंडू होते आणि तीन शेवंती. विचारलं, झेंडू जास्त की फुलं जास्त? म्हणाला, झेंडू. मग म्हटलं, शेवंती काय भाजी आहे का रे? विचारात पडला आणि परडीकडे बघत राहिला. वय साडेपाच. आज परत विचारणार नाही, आठ दिवसांनी विचारीन.

आणि कोडी घाला मुलांना. 'दोन भाऊ शेजारी, भेट नाही संसारी' म्हटलं की पोर आधी खरेच दोन भाऊ शोधतं, मग आरशात बघून हसतं. 'एवढंसं कारटं, घर राखतं' याला त्याने कुत्रा म्हटलं, मी म्हटलं कुत्रा एवढासा असतो का, मग दाराकडे गेला आणि कुलूप हलवून दाखवलं.

नेकार_काठी | १० जुलै, दुपारी १:००

आम्ही जर्मनीत राहतो, मोठी मुलगी दुसरीत, धाकटा किंडरगार्टनमध्ये. इथे किंडरगार्टनमध्ये अक्षरं शिकवतच नाहीत. कात्री, माती, चिखल, पावसात फिरणं, एवढंच. लिहिणं सहाव्या वर्षी पहिलीत सुरू होतं. फिनलंडमध्ये तर शाळाच सातव्या वर्षी. कोणी मागे पडलेलं दिसत नाही. तेवढ्यापुरतं जाईताईंना बळ मिळावं म्हणून लिहितो.

पण पाटी_दप्तर बाईंना एक आदरपूर्वक शंका. इथे बरीच वर्षं अशी पद्धत चालली की मुलांनी ऐकू येईल तसं लिहायचं आणि सुरुवातीला कोणी चुका दुरुस्त करायच्या नाहीत. स्वित्झर्लंडच्या युर्गेन रायशेन यांची ही पद्धत. मुलं आनंदाने पानंच्या पानं लिहायची. पण २०१८ साली बॉन विद्यापीठाने सुमारे ३००० प्राथमिक शाळेतल्या मुलांचा अभ्यास मांडला, त्यात पायरीपायरीने शिकवणाऱ्या बाळबोध पुस्तकावर शिकलेल्या मुलांचं शुद्धलेखन स्पष्टपणे पुढे होतं. इथल्या राज्यांत त्यावर मोठा वाद झाला. तेव्हा 'लागंल' तसंच ठेवायचं ते कुठपर्यंत?

आणखी एक निरीक्षण. मुलीला घरी मराठी शिकवतो. तिला जर्मनमध्ये स्वर नेहमी व्यंजनाच्या पुढे लिहायची सवय. त्यामुळे 'किती' लिहिताना पहिली वेलांटीसुद्धा ती 'क'च्या उजवीकडे काढते. उच्चारात नंतर येणारी खूण कागदावर आधी बसते, हे तिला अन्यायाचं वाटतं. मी म्हटलं, ही क च्या डोक्यावर मागून छत्री धरते. आता बसतंय.

पाटी_दप्तर | १० जुलै, दुपारी ४:३०

दादा, शंका रास्त आहे आणि मला ती मान्यच आहे. मी दोन गोष्टी वेगळ्या ठेवते. मूल सांगतं आणि मी लिहिते तेव्हा त्याची बोली तशीच ठेवते, कारण 'आंबट लागंल' ही चूक नाही, ते त्याच्या घरचं मराठी आहे. त्याला घासून पुसून प्रमाण केलं की मूल म्हणतं, हे मी म्हटलंच नव्हतं. आणि पुढच्या वेळी बोलत नाही.

मूल स्वतः लिहायला लागतं तेव्हाची गोष्ट वेगळी. पहिले काही महिने त्याच्या कागदाला मी हात लावत नाही. पण लगेच खाली माझं एक वाक्य लिहिते, उत्तर म्हणून. त्याने 'आज पउस पडल' लिहिलं तर मी लिहिते, 'हो, आज खूप पाऊस पडला. तू भिजलास का?' त्याला 'पाऊस' आणि 'पडला' दोन्ही समोर दिसतात. आणि दुसऱ्या बाजूने काना, मात्रा, वेलांटी, उकार रोज, ठरलेल्या क्रमाने, न चुकता शिकवते. ते सोडून चालत नाही. पहिलीच्या दुसऱ्या सत्रापासून त्याच्या लिखाणात एका वेळी एकच गोष्ट दाखवते. आज फक्त काना. वेलांटी पुढच्या महिन्यात.

छत्री फार आवडली. वापरीन.

चौकटीची_वही | १० जुलै, रात्री ८:१५

अंकांचंही थोडं बोलूया, कारण जाईताईंच्या मुलाला तेही पानभर लिहावं लागतंय. मराठीत 'बेचाळीस' म्हणताना आधी बे येतं, मग चाळीस. मूल ऐकल्याप्रमाणे २ आधी लिहितं आणि होतात २४. मुलाचा तर्क सरळ आहे, शब्दच उलटा आहे. एकोणतीस म्हणजे तर तिसाला एक ऊन, म्हणजे कमी. ऐकू येतं 'तीस' आणि लिहायचे असतात दोनावर नऊ. आणि नियम कळला म्हणेपर्यंत ९९ ला आपण 'एकोणशंभर' म्हणत नाही, 'नव्व्याण्णव' म्हणतो.

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' असं वाचन दिलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला आठवत असेल. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या आणि त्यांचं म्हणणं एवढंच होतं की लहान मुलाला हे सोपं जातं. माझ्या मुलावर तेव्हा मी ते वापरलं. आइस्क्रीमच्या काड्यांच्या दहा-दहाच्या जुड्या रबराने बांधायच्या. चार जुड्या आणि दोन सुट्या. आधी 'चाळीस आणि दोन' म्हणायचं, मग 'आपण याला बेचाळीस म्हणतो'. महिन्याभरात उलटापालट थांबली आणि मराठी काही बुडालं नाही. पावणेपाचला मात्र दहापर्यंतच्या वस्तू नीट मोजता आल्या तरी पुष्कळ. वर चढायची घाई नको.

वकील_वहिनी | १० जुलै, रात्री ९:३०

'पहिलीत मागे पडेल' या भीतीबद्दल. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १३ नुसार शाळेला प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाचणी घेता येत नाही. तेव्हा पहिलीच्या प्रवेशासाठी पान भरता आलंच पाहिजे, असं कोणी सांगत असेल तर ते मनावर घेऊ नका.

वारली_पाड्यावरून | ११ जुलै, दुपारी २:४५

मी डहाणूकडची अंगणवाडी सेविका. माझ्याकडे तीन ते सहा वर्षांची पोरं आहेत. काहींच्या घरी पेन्सिल नाही की पुस्तक नाही. पण आमच्या भागाला मोठी पुण्याई आहे. ताराबाई मोडक १९४५ मध्ये बोर्डीला आल्या आणि त्यांच्याबरोबर अनुताई वाघ. नंतर कोसबाडच्या टेकडीवर काम गेलं. पोरं शाळेत येत नाहीत तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यायची, गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणात शाळा भरवायची, हे त्यांनी इथे केलं. विकतचं साहित्य नव्हतंच, बिया, पानं, शंख-शिंपले, खडे यांवरच शिकवायचं. आम्ही अजून तेच करतो.

माझी पोरं पानं लहान-मोठी लावतात, मग तीच पानं देठ लांब-आखूड लावायला सांगते. एकाच वस्तूच्या दोन ओळी होतात हे कळायला त्यांना वेळ लागतो, पण एकदा कळलं की सगळ्याच वस्तू लावत सुटतात. अक्षराचं म्हणाल तर पावसाळ्यात ओल्या मातीवर काडीने. पुसायला पाय फिरवला की झालं. तिथे कोणी रडत नाही. चुकलेलं राहतच नाही ना. जुन्या लोकांची धूळपाटी हीच असणार.

मारिया माँटेसरी बाईंनी खरखरीत कागदाची अक्षरं करून मुलांना त्यावर बोट फिरवायला दिलं होतं, असं आम्हाला प्रशिक्षणात शिकवलं. आम्ही पुठ्ठ्यावर डिंक लावून वाळू टाकतो. पोरं डोळे मिटून बोट फिरवतात आणि ओळखतात. जाईताई, तुम्ही घरी रव्याचं करू शकता.

अंगणातली_जाई | २ ऑगस्ट, रात्री १०:१०

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवडे झाले, म्हणून कळवते.

शाळेत जाऊन बोलले. सुरुवातीला ताणलं गेलं, पण वर्गशिक्षिका ऐकून घेणाऱ्या निघाल्या. म्हणाल्या, पान भरलं नाही तर पालकच तक्रार करतात, म्हणून देतो. माझ्या मुलाला दोन ओळी चालतील असं ठरलं.

पेन्सिल तोडली. उंबऱ्याजवळची रांगोळी तो आता कोणाला काढू देत नाही. हात दुखतो हे मागच्या आठवड्यात एकदाच म्हणाला.

कोऱ्या वहीत मांजराच्या अकरा गोष्टी झाल्यात. पाचव्या दिवशी त्याने विचारलं, "तू सारखं सारखं हे काय लिहितेस, दोन्हीकडे सारखं दिसतं?" तो शब्द 'म्हणून' होता! मी म्हटलं, तूच तर म्हणतोस. त्याने सगळ्या पानांवरचे 'म्हणून' शोधून लाल खडूने गोल केले. चौदा निघाले. एका पानावर एकही नव्हता तर म्हणाला, "ही गोष्ट अर्धी राहिली."

सरबतही केलं. मला साखर टाकल्यावर ढवळायला सांगायचं राहून गेलं त्याचं, तळाशी बसलेली साखर पाहून स्वतःच ओरडला. नणंदेची मुलगी आली होती, दोघांनी मिळून सूचना दिल्या. तुलना मी मनातून काढायचा प्रयत्न करते आहे, अजून पूर्ण जमलेलं नाही.

हातवळण | ३ ऑगस्ट, सकाळी ७:५०

फार बरं वाटलं वाचून. अक्षरं आरशातल्यासारखी उलटी काढायला लागला तर घाबरू नका, सात वर्षांपर्यंत ते पुष्कळ मुलांचं होतं. तुम्ही फक्त सरळ अक्षर काढत राहा.

अंगणातली_जाई | दसरा, दुपारी १२:३०

आज पाटीपूजन केलं. त्याने पाटीवर एकच्या आकड्यांची सरस्वती काढली, एक तीन '१' उलटे आले. मी फुलं वाहत होते तेवढ्यात त्याने पाटीच्या उरलेल्या कोपऱ्यात काहीतरी लिहिलं. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी अक्षर दाखवलं नव्हतं. असं आहे:

'आज सुटि मनून मि घरि'

मी पाटी पुसलेली नाही. खाली खडूने उत्तर लिहिलंय, बाई, तुम्ही सांगितलं तसं: 'हो, आज सुट्टी म्हणून मीपण घरी.' तो दोन्ही ओळी आळीपाळीने बघतो आहे आणि 'ण' वर बोट ठेवून विचारतोय, हा कोणता?

पाटी_दप्तर | दसरा, दुपारी १:०५

त्याला सांग, हा 'ण', बाणातला. आणि पाटीचा आत्ताच्या आत्ता फोटो काढून ठेव, मागे तारीख लिही. संध्याकाळपर्यंत तो स्वतःच पुसून दुसरं लिहील.

नवी_पालवी | दसरा, रात्री ९:४०

सगळा धागा एका बैठकीत वाचला. माझी मुलगी अडीच वर्षांची आहे. कुठून सुरुवात करू?

शेवंती_आजी | दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी ८:००

बाजारात ओल्या भुईमुगाच्या शेंगा आल्यात. तिला शेजारी घेऊन सोलायला बस. दाणे एका वाटीत, फोलं दुसऱ्या. आणि ती बोलेल ते ऐक.